डाव्या हाताची नाडी

पुण्यात परतल्यापासून भेटेल तो विचारतो, यवतमाळकडे बघण्यासारखं काय आहे हो? आता काय सांगू! मी तिकडे बघायला गेलेच नव्हते, ऐकायला गेले होते. आमच्या हॉस्पिटलात रक्तवाहिन्यांचा विभाग आहे आणि तिथे अठरा वर्षं मी डॉपलर हातात धरून बसले आहे. डॉपलर म्हणजे जाड पेनासारखी एक वस्तू आणि तिला वायरीने जोडलेली, जेवणाच्या डब्याएवढी, आवाज करणारी पेटी. पेनाच्या टोकाला जेली लावून ते मनगटावर किंवा पावलावर टेकवलं की आतलं रक्त धावताना ऐकू येतं. निरोगी धमनी दर ठोक्याला तीनदा बोलते, एक जोरात आणि मागोमाग दोन हलके. धमनी चिंचोळी झाली की एकच लांबट, दमलेला आवाज उरतो. माझे डोळे बांधले तरी नुसत्या आवाजावरून मी धमनी ओळखते अशी माझी ख्याती आहे. ती बरीचशी मीच पसरवलेली आहे, पण आहे.

आमच्या सरांनी एक अभ्यास हाती घेतला होता. बिडी ओढणाऱ्या तरुण पुरुषांच्या पायातल्या धमन्या बंद पडत जातात, बोटं काळी होतात आणि शेवटी पाय कापायची पाळी येते. असे पेशंट आमच्याकडे विदर्भातून यायचे आणि फार उशिरा यायचे. ते गावात, धड पायांवर चालत असतानाच सापडतील का, हे पाहायचं होतं. तुलनेसाठी बिडीला हात न लावणारी माणसंही तपासायची होती, म्हणजे त्यात बायका जास्त येणार हे उघड होतं. कापसाचे ते वाईट दिवस होते, रोज पेपरात त्या जिल्ह्याचं नाव यायचं. माझ्या बहिणीने विचारलंसुद्धा, कशाला जातेस तिकडे? मी मात्र शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी आठ दिवस आधीच बॅग भरून बसले होते. अठरा वर्षं पेशंट माझ्या दारात आले, आता मी त्यांच्या दारात जाणार होते.

सोबत डॉ. सौरभ. सर्जरी शिकून नुकताच मोकळा झालेला, सहा फूट उंच, अत्यंत हुशार आणि तिखटाला घाबरणारा.

दारव्हा, सोमवार

प्रवासाचं काही सांगत नाही, रेल्वे आणि एसटी सगळीकडे सारख्याच हाडं खिळखिळी करतात. दारव्ह्याला आमची उतरायची सोय सरांच्या ओळखीच्या वामनकाकांकडे होती. तहसील कचेरीतून निवृत्त झालेला माणूस, वडीलही त्याच कचेरीत होते, मुलगा नागपुरात बँकेत. घरातलं बोलणं अगदी पुस्तकी मराठी, पण अंगणात पाऊल टाकलं की काका सरळ वऱ्हाडीत शिरायचे, आणि मग त्यांचा आवाजही चढायचा.

आमच्याकडे पाहुण्याला चहा घेणार का असं विचारतात, आणि पाहुणा शहाणा असेल तर नको म्हणतो. कुसुमकाकूंनी काही विचारलंच नाही. हात धुऊन येतो तोवर पाटोडीची भाजी आणि ज्वारीची भाकर पानात होती. पाटोडी म्हणजे बेसनाच्या वड्या, आणि त्यांच्यावर तेलाचा लाल थर तरंगणारा रस्सा. सौरभने पहिला घास घेतला आणि त्याचे कान लाल झाले. काकूंनी गुळाचा खडा त्याच्या पानात ठेवला. मी मात्र तीन वेळा रस्सा मागून घेतला आणि त्या घरात माझी किंमत एकदम वाढली.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार. काकांनी बाजाराच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली टेबल लावून दिलं. समोर गावोगावच्या जीपा येऊन थांबत होत्या, आत जितकी माणसं तितकीच बाहेर लोंबकळलेली. गर्दी होती, आणि आमच्या टेबलापाशी चिटपाखरू नाही. लोक दुरून फॉर्मकडे बघायचे आणि वळून जायचे. तासाभराने एक म्हातारबा जवळ आले आणि फार सभ्यपणे म्हणाले, "आमच्या गावात कोणी मेलं नाही, बाई. तुम्ही समोरच्या गावी जा."

मला कळेचना. वामनकाकांनी बाजूला घेऊन सांगितलं. त्या दिवसांत फॉर्म घेऊन येणारा प्रत्येक जण एकच विचारून जायचा, घरात कोण गेलं आणि कसं गेलं. पेपरवाले आले, टीव्हीवाले आले, साहेब लोक आले, आणि सगळ्यांना तेवढंच हवं होतं. लोक विटून गेले होते. मला इतकी लाज वाटली की मी फॉर्म उचलून सरळ टेबलाखाली ठेवले. म्हातारबांना म्हटलं, बाबा, मेलेल्यांचं मला काही नको, तुमच्या पायातलं रक्त ऐकू द्या.

त्यांना ते इतकं चमत्कारिक वाटलं की ते बसलेच. मी आवाज पूर्ण मोठा केला आणि पेन घोट्यावर टेकवलं. त्या पेटीतून जो काही आवाज निघाला! खणखणीत, तीनही सुरांत, सत्तरीच्या माणसाचा. बाजारातली भाजीवाली हातातला तराजू तसाच धरून बघत राहिली. म्हातारबांनी पायाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "हे माझं हाय?" मी म्हटलं, हाव, तुमचंच. हा माझा पहिला वऱ्हाडी शब्द, आणि तो मी काय तोऱ्यात म्हटला!

मग काय विचारता. पंधरा मिनिटांत रांग लागली. प्रत्येकाला स्वतःचं रक्त ऐकायचं होतं आणि शेजाऱ्याच्या रक्तापेक्षा आपलं जोरात आहे का तेही बघायचं होतं. एकाचा आवाज ऐकून मागचा म्हणाला, याच्या आंगात आटाचक्की लावली हाय. एका तिशीच्या जीपवाल्याच्या डाव्या पावलातून मात्र तोच लांबट दमलेला सूर आला. सौरभ त्याच्यासमोर उकिडवा बसला, त्याच्या खिशातला बिडीचा बंडल काढून स्वतःच्या खिशात घातला आणि त्याला नीट समजावून सांगितलं, आत्ता सोडलीस तर पाय राहील. आमच्या अभ्यासाचा हा पहिला वाचणारा पाय. मी आनंदाने त्या जीपवाल्याला चहा पाजला.

पण या आनंदात एक गोष्ट मी केली, ती इथेच सांगते. पायातला दाब हातातल्या दाबाशी ताडून पाहायचा असतो, आणि हातातला दाब दोन्ही हातांत मोजावा असं पुस्तकात आहे. रांग बघून मी सौरभला म्हटलं, एकच हात घेऊ, उजवा. प्रत्येकामागे चार मिनिटं वाचतील. तो जरा घुटमळला. मी म्हटलं, अरे, अठरा वर्षांत मला दोन हातांत फरक किती वेळा सापडला, बोटावर मोजण्याइतक्या. तो लहान, मी मोठी, त्याने ऐकलं. ही अक्कल माझी.

फुलसावंगी, बुधवार

महागाव ओलांडताना कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग रस्त्याच्या कडेने पार वळणापर्यंत गेली होती. बैल सोडलेले, माणसं गाडीखाली सावलीत पडलेली. भाव कधी निघेल ते कोणालाच माहीत नव्हतं, पण एकाने आम्हाला हाक मारून मुळा खायला दिला. इकडे माणूस अडचणीत असला तरी समोरच्याच्या हातावर काही ठेवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मी तो मुळा पाल्यासकट खाल्ला.

फुलसावंगीला शाळेच्या एका खोलीत मुक्काम होता. तिथे आम्हाला प्रेमसिंग गुरुजी भेटले. जवळच्या तांड्यावरचे बंजारा, शाळेत मराठी शिकवायचे, घरी गोरबोली बोलायचे आणि माझ्याशी बोलताना दोन्हींच्या मधलं काहीतरी. तांडा म्हणजे त्यांची स्वतंत्र वस्ती, तिचा नायक वेगळा, पंचायत वेगळी. पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा देश तुडवला, हे गुरुजी अशा थाटात सांगायचे की जणू कालच बैल सोडून आले आहेत.

गुरुवारी सकाळी तांड्यावर गेलो. पहिल्याच घरात फजिती. आजीबाईंच्या दोन्ही हातांत मनगटापासून दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आमचा दाब मोजायचा पट्टा बांधायला जागाच नाही. काढता का, असं विचारलं तर गुरुजींनी माझ्या तोंडावर हात ठेवायचाच बाकी ठेवला. नवरा जिवंत असेपर्यंत त्या उतरत नाहीत. आजींनी गोरबोलीत काहीतरी सांगितलं आणि सगळे हसले. गुरुजींनी अर्थ सांगितला, म्हातारा गेला की ये, मग मोज. सगळ्यात जास्त तो म्हातारा हसत होता, तिथेच खाटेवर बसून.

तरण्या बायकांच्या हातात असा चुडा नव्हता, पण तरण्या बायका घरातही नव्हत्या. सगळ्या वेचणीला. गुरुजी म्हणाले, पाहिजे असतील तर वावरात चला. पेटी खांद्याला मारून आम्ही निघालो. दुतर्फा पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, छातीपर्यंत आलेली, बोंडं फुटून पांढरी झालेली. मला राहवेना, मीही दोन ओळी वेचायला घेतल्या. दिसतं तितकं मऊ नसतं ते. सुकलेल्या बोंडाची टोकं नखाखाली शिरतात, आणि बायका दोन्ही हातांनी इतक्या भराभर वेचून कमरेच्या ओटीत टाकतात की बघतच राहावं. माझ्या ओटीत कापसापेक्षा पालाच जास्त जमला होता.

तिथे लीला होती. तेवीस-चोवीस वर्षांची, सडपातळ, बाकीच्या बायकांपासून जरा लांब, एकटीच एक ओळ धरून. ती फक्त उजव्या हाताने वेचत होती. मी बांधावर बसवून तिचा उजवा दंड मोजला, दाब अगदी उत्तम. दोन्ही पायांत तिन्ही सूर स्वच्छ. तंबाखू नाही, बिडी नाही. तुलनेसाठी जशी निरोगी बाई हवी तशीच ही, असं मला वाटलं. ती हळूच म्हणाली, हात थकते ताई. मी म्हटलं, दिवसभर कापूस वेचून कोणाचा थकत नाही बाई? ती म्हणाली, दोन्ही नाही. पण तोवर मी फॉर्मवर 'सर्व ठीक' लिहून पुढचीला हाक मारली होती.

दुपारी जेवायला धावजीबाबांकडे. तांड्यातला सगळ्यात वयस्क माणूस, ऐंशीच्या पुढचे. नाडी बघायची विद्या त्यांना कोण्या साधूकडून मिळालेली, आणि साठ वर्षं आजूबाजूच्या चार तांड्यांत त्यांचा शब्द चालत होता. जेवणात भाकरी आणि सळोई होती. चव घेऊन वर कौतुक करून झाल्यावर मी विचारलं यात काय आहे, तर बोकडाचं रक्त. रक्तवाहिन्यांवर जगणाऱ्या बाईला हे शोभलं असं म्हणून मी खाल्ली, सौरभ मात्र एकाएकी उपासाचा वार आठवून बसला.

बाबांना माझी पेटी फार आवडली. आपण दोघं एकाच धंद्यातले, असं ते गुरुजींमार्फत म्हणाले. मग त्यांनी विचारलं, लीलाची पाहिली का? मी म्हटलं, पाहिली, ठणठणीत आहे. ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत राहिले.

"तिची नाडी नाही," ते म्हणाले. "दोन साल झाले."

मी हसले. खरं सांगते, तोंडावर हसले. म्हटलं, बाबा, अर्ध्या तासापूर्वी मी या कानांनी ऐकली. ते शांतपणे म्हणाले, म्या या बोटांनी पाह्यली, दहा वेळा पाह्यली, नाही. माझं डोकं तापलं. मी म्हटलं, कशी बघता तुम्ही, दाखवा बरं! माझाच हात पुढे केला, उजवा. त्यांनी तो हळूच बाजूला सारला आणि माझं डावं मनगट धरलं. गुरुजी म्हणाले, बाईची डावी पाहतात, माणसाची उजवी. पहिल्यापासून तसंच आहे.

आणि मी लीलाची फक्त उजवी मोजली होती. घास तसाच टाकून मी उठले, पेटी उचलली आणि वावराकडे पळत सुटले. चपला कुठे राहिल्या ते मला अजून माहीत नाही. मागून सौरभ, त्याच्यामागे गुरुजी.

लीलाचं डावं मनगट मी हातात घेतलं. बोटांना काहीच लागेना. पेन टेकवलं. आधी नुसती खरखर, मग फार खोलवरून एक बारीक, लांबलेला सूर. डाव्या दंडाला पट्टा बांधला, दाब उजव्याच्या निम्मा भरला. सौरभने तिच्या डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली स्टेथोस्कोप ठेवला, बराच वेळ ऐकलं आणि तो माझ्याकडे दिला. आत घरघर चालू होती. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि, सांगायला लाज वाटते, आम्हाला प्रचंड आनंद झाला. अठरा वर्षांत मी हा रोग दोनदा पाहिला होता, तोही शेवटच्या टप्प्यात. हृदयातून निघणारी जी महाधमनी, तिच्या फांद्यांना आतून सूज येते आणि त्या हळूहळू बंद होतात. तरुण बायकांना होतो, बिडीचा काही संबंध नाही. आणि तो आम्हाला पऱ्हाटीच्या ओळीत, चालत्या-फिरत्या बाईत सापडला होता.

सौरभने तिला नीट प्रश्न विचारले. डाव्या हाताने वेचायला लागलं की चक्कर येते का? तिने चमकून वर पाहिलं. येत होती. दोनदा पडली होती वावरात. हात जास्त काम करू लागला की बंद फांदीपलीकडून तो मेंदूच्या वाटेचं रक्त ओढून घेतो, म्हणून ती पडायची. एवढं बोलून झालं आणि ती रडायला लागली. बाकीच्या बायका वेचणी सोडून जमल्या. तेव्हा गुरुजींनी मला बाजूला नेऊन खरं काय ते सांगितलं, आणि माझा आनंद जागच्या जागी मावळला.

धावजीबाबांनी नाडी नाही म्हटलं तेव्हापासून ती बाई तांड्याच्या लेखी अर्धी गेलेली होती. वर पुन्हा वावरात पडायची. सासू जमनाबाईच्या मनाने घेतलं की ही जाताना पोरीला सोबत नेईल. अडीच वर्षांची मुलगी आजीजवळ झोपायची, लीलाला तिला उचलायची बंदी. आणि येत्या शनिवारी जीप करून लीलाला माहेरी सोडायचं ठरलं होतं, कायमचं, पोरीशिवाय. तिचं माहेर इतकं आडबाजूला होतं की तिथून ती कुठल्या डॉक्टरपर्यंत पोचली नसती. सूज मानेच्या फांद्यांत चढली की अर्धांग, किंवा त्याहून वाईट. आमच्याकडे दीड दिवस होता.

तांडा, त्याच दिवशी ऊन उतरताना

नायकाच्या अंगणात सगळे बसले. मी आधी पेटी लावली. लीलाचा उजवा हात सगळ्यांना ऐकवला, मग डावा. महाधमनीच्या फांद्या जमिनीवर काडीने काढून दाखवल्या. झाडाची एक फांदी वाळली म्हणून झाड मेलं असं तुम्ही म्हणत नाही, हेही सांगितलं. नवरा विजय खाली मान घालून ऐकत होता, त्याला पटत होतं असं मला वाटलं. पण त्या घरात शब्द जमनाबाईचा. ती वाईट बाई नव्हती, घाबरलेली होती. ती एवढंच म्हणाली, मशीन तुमची, आवाज बी तुमचाच. बाबा सांगतील तर मानीन.

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. मी म्हटलं, बाबा, तिची उजवी बघा. बाबा नाही म्हणाले. साठ वर्षांत त्यांनी एकाही बाईची उजवी धरली नव्हती. गुरूने घालून दिलेला नेम, मोडला तर विद्या जाते. मी समजावलं, मग चिडले, मग नको ते बोलले. एक बाई मरायला लागली आहे आणि तुम्हाला नेम सुचतोय, असंही बोलले. गुरुजींनी त्यातलं निम्मंच सांगितलं असणार. सौरभ माझी बाही ओढायला लागला.

तेवढ्यात माझी नजर माझ्याच फायलीकडे गेली. वरचाच फॉर्म लीलाचा, त्यावर माझ्या अक्षरात 'सर्व ठीक'. मी कोणाला नेम शिकवत होते? मी तो फॉर्म घेऊन बाबांच्या पुढ्यात जमिनीवर बसले. गुरुजींना म्हटलं, आता शब्द न् शब्द सांगा. म्हटलं, बाबा, माझाही एक नेम होता. सगळ्यांचा उजवा हात घ्यायचा आणि पुढे जायचं. ही बाई मला सांगत होती, हात थकते, दोन्ही नाही, आणि मी ऐकलं नाही. तुम्ही डावी पाहिलीत ती खरी. मी उजवी पाहिली तीही खरी. माझी चूक मी खोडते. आणि सगळ्यांच्या देखत त्या दोन शब्दांवर मी आडवी रेघ मारली आणि खाली सही केली.

बाबांनी त्या रेघेकडे पाहिलं. मग त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, गुरूची माफी मागितली असावी, आणि लीलाला जवळ बोलावलं. तिचा उजवा हात त्यांनी घेतला. आधी बोटं जरा दूरच धरली, मग टेकवली. बाबांचे डोळे मिटलेले, ओठ मोजत होते. मग त्यांनी दुसऱ्या हाताने तिचं डावं मनगट धरलं आणि दोन्ही हात धरून तसेच बसले.

"आहे," ते म्हणाले. "इकडं जोरात आहे. पोरगी जिती आहे, जमना. डाक्टरकडं ने."

मला तिथेच रडू फुटलं. अनोळखी लोकांत असं ढसाढसा रडायची मला सवय नाही, पण त्या दिवशी काही इलाज नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यातून तिला नागपूरला नेलं, तिथल्या तपासणीत तेच निघालं. सूज उतरवणाऱ्या गोळ्या लगेच सुरू झाल्या. डावा हात पहिल्यासारखा होणार नाही, आणि गोळ्या वर्षानुवर्षं घ्यायच्या आहेत, त्यांचेही त्रास आहेत. पण मानेच्या फांद्या अजून उघड्या होत्या, सूज तिथे पोचायच्या आत आम्ही पोचलो. आणि आम्ही काय केलं? पहिल्यापासूनच्या सगळ्या गावांत परत गेलो. कुसुमकाकूंच्या हातची पाटोडी पुन्हा खाल्ली आणि तपासलेल्या प्रत्येक माणसाचे दोन्ही हात पुन्हा मोजले. पंधरा दिवस जास्त लागले. सरांनी फोनवर विचारलं एवढा उशीर का, तर मी खरं ते सांगितलं. सर बोलायचं ते बोलले, आणि मीही ऐकून घेतलं.

शनिवार, यवतमाळच्या वाटेवर

त्या शनिवारी निघालो, तेव्हा लीलाला माहेरी सोडायला ठरवलेलीच जीप होती. पुढे सौरभ आणि विजय, मागे मी, लीला, आणि समोरच्या बाकावर मांडीवर पोरीला घेऊन जमनाबाई. पोरगी आईकडे झेपावत होती आणि आजीने तिला कमरेला घट्ट धरलं होतं. बाबा म्हणाले म्हणून जमनाबाई निघाली होती, पण भीती काही एका दिवसात जात नाही. लीला बाहेर बघत होती. डाव्या हाताची बोटं तिने आपल्या उजव्या मनगटावर टेकवलेली होती.

मला एक गोष्ट राहून राहून छळत होती. मी तिला विचारलं, बाई गं, दोन वर्षं लोक तुला नाडी नाही म्हणत होते, तुला कधी वाटलं नाही का की उजवा हात बघावा?

ती माझ्याकडे वळली. पहिल्यांदाच ती माझ्याशी पूर्ण वाक्य बोलली असेल.

"मले मालूम होतं, ताई. मी रोज उजवी पाहत होती, पोरगी दिसली नाही दिवसभर की पाहत होती. पण बाईची उजवी कोण मानते?"

जमनाबाईने ते ऐकलं. तिने तोंड बाहेर वळवलं. मग पोरीच्या कमरेचा हात सैल केला आणि तिला उचलून लीलाच्या मांडीवर ठेवलं.